काकूआजींवरचा आळ

ऑफिसातली एक नवीन मुलगी परवा कॉफीच्या मशीनपाशी विचारत होती, "प्राचीताई, शाळा सुटल्यावर मुलीला सांभाळणारं कोणी आहे का हो तुमच्या ओळखीत? आपलं, मराठी घरातलं?" मी पटकन तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्या ओळखीत असं एकच माणूस होतं. ते आता या जगात नाही, आणि त्या माणसाकडे येणारी पोरं यायची थांबली ती माझ्यामुळे. "बघते गं," म्हणाले आणि कप घेऊन सटकले. सटकण्यात मी पहिल्यापासून हुशार.

त्यांचं नाव इंदुमती. आम्ही आया त्यांना काकू म्हणायचो आणि पोरांना आजी म्हणायला सांगायचो. पोरांनी दोन्ही ऐकलं आणि 'काकूआजी' करून टाकलं. पुढे आम्हीही तेच म्हणायला लागलो. सांगलीजवळच्या एका गावात त्यांनी आयुष्यभर बालवाडी चालवली होती. नवरा गेल्यावर मुलानं, अभिजितनं, त्यांना इथं अमेरिकेत, चँडलरला आणलं. इथं करायचं काय? गाडी येत नाही, टीव्हीवरचं कळत नाही, आणि बाहेर पाऊल टाकावं तर मेपासून ऑक्टोबरपर्यंत नुसती भट्टी. दोन महिने त्यांनी काढले आणि मग सुनेला सांगितलं, "मला पोरं आणून दे, नाहीतर मला परत पाठव." सुनेनं पोरं आणून दिली. आमच्या कम्युनिटीतल्या चार घरांतली. त्यात माझी मिहिका.

काकूआजी साडीवर अभिजितचा जुना चेक्सचा शर्ट घालायच्या, बाह्या कोपरापर्यंत दुमडून. साडीवर डाग पडू नये म्हणून. इंडियन स्टोअरमध्येही तशाच यायच्या. सुनेनं एकदा नवाकोरा एप्रन आणून दिला, तर त्यांनी त्याचे बंद काढून घेतले आणि त्या बंदांनी कोथिंबिरीची जुडी बांधायला लागल्या. पोरं त्यांच्याशी इंग्लिशमध्ये बोलायची, त्या मराठीत उत्तर द्यायच्या, आणि कुणाचं काही अडलं नाही. "काकूआजी, आय डोन्ट लाइक धिस." "बरं. मग आवडेपर्यंत खा." एवढ्यावर विषय संपायचा.

शाळा सुटली की चौघं हात धुऊन किचनमधल्या चटईवर मांडी घालून बसायची. पानात टाकायचं नाही. आणि पोट भरलं म्हणून कुणी उठलं तर काकूआजींचं ठरलेलं वाक्य, "अगं, घासानं काय होतंय? एक घास घे." हे वाक्य त्या सगळ्यांना म्हणायच्या. एसी दुरुस्त करायला आलेल्या धिप्पाड मेकॅनिकला त्यांनी हेच म्हणून थालीपीठ खायला लावलं होतं. तो बिचारा शिडीवर उभा राहून खात होता, आणि जाताना त्यानं आणखी एक मागून नेलं. अभिजित सांगायचा, त्या दिवसापासून आमचा एसी बिघडायची तो वाट बघतो.

स्वयंपाकात एक गोष्ट मात्र त्यांच्याकडे नसायची, ती म्हणजे हिंग. त्यांना वासच सोसायचा नाही. "लसूण असताना हिंग कशाला गं?" म्हणायच्या. आम्ही नागपूरचे, आमच्याकडे हिंगाशिवाय वरणाला वरण म्हणत नाहीत. मी त्यांना चिडवायचे, "काकू, तुमचं वरण म्हणजे नुसतं पिवळं पाणी." त्या हसायच्या आणि पोरीच्या वाटीत आणखी एक पळी ओतायच्या.

दर सोमवारी त्या एकेका पोराला काखेत धरून उचलायच्या. अडुसष्ट वर्षांची बाई, पण बालवाडीतली सवय. वजनकाटा नव्हता तेव्हापासूनची. कुणाला म्हणायच्या, "शाब्बास, भरलास." कुणाला, "काय रे, ताप होता वाटतं शनिवारी?" आणि असायचाच. मिहीला उचललं की गप्प व्हायच्या.

एक दिवस मी तिला न्यायला गेले तर मला दारातच थांबवून म्हणाल्या, "प्राची, रागावू नकोस. पोरगी खाते, पण खाल्लेलं अंगी लागत नाही."

मी म्हटलं, "काकू, आमच्या दोघांच्या घरात सगळे बारीकच आहेत. डॉक्टरही तेच म्हणाले."

"बारीक वेगळं, आणि हे वेगळं. पोट बघ, नगारा झालाय. दंड बघ. डोळ्याची पापणी खाली ओढून बघ, आत पांढरं आहे सगळं. आणि परसाकडची तक्रार तर तुलाच माहीत."

मला राग आला. खरं सांगते, फार राग आला. इंजिनिअर बाईला बालवाडीची बाई शिकवतेय, असं काहीतरी मनात आलं. ते मनात आलं याची आज लाज वाटते. पण काकूआजींनी पिच्छा सोडला नाही. तीन आठवडे रोज दारात अडवून तेच. शेवटी निखिल, माझा नवरा, म्हणाला, "अगं, एक ब्लड टेस्ट करून टाकू. त्यांचं समाधान होईल."

त्यांच्या समाधानासाठी केलेल्या त्या टेस्टमध्ये सिलिअ‍ॅक निघालं. मग एंडोस्कोपी झाली. पोटाच्या डॉक्टरीणबाई फार चांगल्या होत्या. त्यांनी आम्हाला बसवून समजावलं. निरोगी आतड्याचा आतला भाग टर्किश टॉवेलसारखा असतो, बारीक बारीक धाग्यांचा. जेवणातलं सत्त्व ते धागे टिपून घेतात. गहू, सातू यांच्यातलं ग्लुटेन या मुलीच्या शरीराला शत्रू वाटतं, आणि त्या लढाईत धागे झडून गेलेत. टॉवेलची चादर झाली आहे. शिवाय आतड्याच्या पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात, ती पकडही सैल पडते, आणि जे आत शिरू नये ते आत शिरतं. म्हणून लोह कमी, कॅल्शियम कमी, वाढ थांबलेली. उपाय एकच. ग्लुटेन बंद. कणभरसुद्धा नाही, कायमचं.

मी काकूआजींना हे सांगितलं तेव्हा त्या ओट्याला धरून उभ्या राहिल्या. "गव्हानं? अगं, मी दोन वर्षं तिला पोळी-तूप कुस्करून घालतेय. अंगी लागावं म्हणून तिला एक जास्त." आणि शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. मी म्हटलं, काकू, कुणाला माहीत होतं? तेव्हा मी असं म्हणू शकत होते.

दुसऱ्या दिवशी अभिजितला घेऊन त्या बाजारात गेल्या. मिहीसाठी नवा तवा, नवी परात, ज्वारीचं सर्टिफाइड पीठ. तिच्या ताट-वाटीला आणि चमच्याला खालून लाल नेलपॉलिशचा ठिपका. बाकीच्या पोरांनी पोळी खाल्ली की त्यांना साबणानं हात धुवायला लावायच्या, मग मिहीशी खेळायला सोडायच्या. कुठल्या हॉस्पिटलात ही शिस्त नसेल. सोमवारी मिहीला उचलून म्हणायच्या, "येईल गं, येईल. झडलेलं उगवायला वेळ लागतो."

सहा महिने झाले. रक्ततपासणीतला अँटिबॉडीचा जो आकडा खाली यायला हवा होता तो थोडासा उतरला आणि तिथंच अडकला. मिहीचं पोट अधूनमधून दुखायचंच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कुठून तरी ग्लुटेन जातंय. अगदी थोडं, पण रोज. शोधा."

आता शोधणं हे माझं पोटापाण्याचं काम. मी कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात कंटॅमिनेशन बघते. एक धुळीचा कण कुठून आला ते हुडकून काढायचं. जिथं माणसाचा हात लागतो तिथं पहिला संशय घ्यायचा, हे आमच्या हाडीमाशी खिळलेलं. मी शनिवार-रविवार घर उपसलं. पीठ, सॉस, टूथपेस्ट, स्टिकरचा गोंद, प्रत्येक लेबल वाचलं. माझं घर क्लीन. शाळेचा डबा माझ्या हातचा, तोही क्लीन. मग उरलं काय? रोज दुपारचे तीन तास, आणि घासानं काय होतंय म्हणणारी एक बाई.

त्या बुधवारी मी मुद्दाम तासभर लवकर गेले. किचनच्या दारातून पाहिलं, तर काकूआजी मिहीच्या तोंडात काहीतरी भरवत होत्या. मला बघून त्यांनी मूठ पदराखाली घेतली.

"काय दिलंत तिला?"

"काही नाही गं. गूळ-शेंगदाणा. रक्त कमी आहे ना तिचं. तू गोड देऊ नका म्हणाली होतीस, म्हणून..."

"आज गूळ. काल काय होतं? परवा काय होतं?"

"प्राची, देवाशपथ. दुसरं काही नाही."

"काकू, तुम्हाला कळत नाही का? तुमच्या त्या 'घासानं काय होतंय'पायी माझ्या पोरीचं आतडं सडतंय!"

'सडतंय' म्हणाले मी. चार पोरांसमोर. काकूआजींनी मूठ उघडली, त्यात गुळाचा खडा होता, तो त्यांनी मला दाखवला. मी पाहिला आणि तरीही मिहीचं दप्तर उचललं.

घरी येऊन मी सहा वर्षांच्या पोरीची उलटतपासणी केली. "काकूआजी अजून काय देतात?" "जस्ट गूळ अँड शेंगदाणा." "आणि? बिस्कीट? पोळी? एकदा तरी?" "नो." "नीट आठव, मिही. खोटं बोलायचं नाही." दहाव्यांदा विचारल्यावर ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "मेबी." त्या 'मेबी'वर मी एका बाईला दोषी ठरवलं. कारखान्यात एवढ्या पुराव्यावर मी साधा फिल्टर बदलला नसता.

मी फक्त दोघींना सांगितलं. आपल्यात 'फक्त दोघींना' म्हणजे काय ते सांगायला नको. पुढच्या महिनाभरात एकेका आईला शाळेचा आफ्टर-केअर प्रोग्रॅम एकदम आवडायला लागला. कुणी भांडलं नाही, कुणी कारण दिलं नाही. "काकू, तुम्हाला किती त्रास द्यायचा," असं म्हणत उरलेली तिन्ही पोरंही गेली. अभिजितनं मला कधी जाब विचारला नाही. रस्त्यात दिसला की हात करायचा, पण गाडीची काच खाली घ्यायचा नाही.

आणि मिही? आफ्टर-केअरला जायला लागली, डबा सगळा माझा, आणि तीन महिन्यांनी आकडा जिथल्या तिथं. पोट दुखणं तर वाढलेलं. हॉस्पिटलची डाएटिशियन म्हणाली, "पुढच्या वेळी घरातलं सगळं घेऊन या. चिमूटभर पडणारं पण." मी मिसळणाचा डबा झिपलॉकच्या पिशव्यांत भरून नेला. मोहरी, जिरं, हळद, तिखट. तिनं एकेक बाजूला काढलं. मग एका छोट्या डबीवर बोट ठेवलं. "आणि हे?"

"हिंग. झाडाचा चीक असतो. काही नाही, चिमूटभर घालतो."

"लेबल आहे?"

लेबल कुठलं! माझ्या आईनं नागपूरहून डबीत भरून पाठवलेला. तिथूनच आईला व्हिडिओ कॉल लावला. तिच्याकडे पहाट होती. ती चष्मा शोधत फडताळाकडे गेली, पाकीट काढलं, आणि वाचायला लागली, "डिंक, हिंग... आणि हे काय गं, बारीक लिहिलंय... गव्हाचं पीठ. अय्या, निम्म्याहून जास्त पीठच दिसतंय की!"

रोजच्या वरणात, भाजीत, कढीत. आणि एवढ्यावर भागलं नव्हतं. मिहीचं पोट दुखलं की मी काय करत होते? जे माझी आई करायची तेच. बेंबीला हिंगाचा लेप, आणि ताकातून वर चांगला चिमूटभर हिंग. पोट जितकं दुखे तितका हिंग. सबंध चँडलरमध्ये मिहीला निर्धोक जेवण मिळत होतं ते एकाच घरी. जिथल्या बाईला हिंगाचा वास सोसत नव्हता.

हिंग बंद केला. पोट दुखायचं थांबलं, आणि हिवाळ्यापर्यंत आकडा नॉर्मल. पोरीचे फ्रॉक आखूड झाले. मी आनंदानं रडले, देवाला पेढे ठेवले, डॉक्टरीणबाईंना फुलं पाठवली. काकूआजींकडे गेले नाही.

जाणार होते हो. रोज जाणार होते. आधी म्हटलं, आकडा पक्का उतरू दे. मग म्हटलं, सणाला जाऊ, फराळाचं निमित्त होईल. मग इतके दिवस गेले की आता कुठल्या तोंडानं जायचं, हेच मोठं होऊन बसलं. त्या फक्त चार घरं सोडून राहत होत्या.

त्याच वर्षी मंडळाच्या गणपतीत त्या भेटल्या होत्या. हिंगाचं कळून महिना झाला होता. शाळेच्या हॉलमध्ये भिंतीकडच्या खुर्चीवर एकट्याच बसल्या होत्या. मिहीनं लांबून पाहिलं आणि "काकूआजी!" करत धावत जाऊन मांडीवर आदळली. काकूआजींनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. पोरगी मिठी मारतेय आणि या हात मागे बांधून बसलेल्या. "थांब गं बाळा, माझे हात धुतलेले नाहीत." माझ्या हातात तांदळाच्या मोदकांची ताटली होती. मी तीन पावलांवर होते. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण बाजूला त्या दोघी उभ्या होत्या, ज्यांना मी 'फक्त' सांगितलं होतं, आणि त्यांच्यासमोर माझं तोंड उघडेना. मी मिहीला हाक मारली आणि फोटोला घेऊन गेले.

पुढच्या मे महिन्यात अभिजितची बदली व्हर्जिनियाला, हर्नडनला झाली. निघायच्या सकाळी निखिलनं मला जवळजवळ ढकललंच. "आज नाही गेलीस तर मी जाऊन सांगेन." मी मिहीचा हात धरून गेले. सामानाचा ट्रक पुढे गेला होता. काकूआजी रिकाम्या गॅरेजमध्ये घडीच्या खुर्चीवर बसल्या होत्या, प्रवासाची साडी, हातात पर्स. बारीक झाल्या होत्या.

मला बघून उठल्या. मी काही बोलायच्या आत त्यांनीच विचारलं, "तो आकडा उतरला का गं?"

"उतरला, काकू. नॉर्मल आहे आता."

त्यांनी डोळे मिटले आणि हात जोडले. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मी फार आठवून बघितलं, प्राची. तवा वेगळा होता, परात वेगळी होती. पण कणीक उडते ना गं. मळताना उडते. माझ्या पदराला असणार, शर्टाला असणार. त्यातून गेलं असेल पोरीच्या पोटात. मी घरात गव्हाचं पीठच बंद केलं मग. अभिजित चिडतो, पण मला धाडस होत नाही."

वर्षभर ही बाई माझं पाप आपल्या पदरात शोधत बसली होती.

"काकू," मी म्हटलं, "तुमच्याकडून काही गेलं नव्हतं. माझ्या हिंगात गव्हाचं पीठ होतं. माझ्याच घरातून जात होतं. मी तुम्हाला नको ते बोलले. मला माफ करा."

त्यांनी हातातली पर्स खाली ठेवली. "हिंगात?"

"हो."

"म्हणजे माझ्या हातून नाही?"

"नाही, काकू."

"खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून नको म्हणूस."

"मिहीची शपथ, काकू. कणभरसुद्धा नाही."

त्या खाली बसल्या आणि रडायला लागल्या. रडता रडता हसायला लागल्या. आतल्या बाजूला तोंड करून ओरडल्या, "अगं सूनबाई, ऐकलंस का? हिंगात होतं! माझ्या हातून नव्हतं!" मग मिहीला जवळ घेऊन तिच्या गालावरून, केसांवरून दोन्ही हात फिरवत राहिल्या. मला वाटलं, आता हलकं होईल सगळं.

तेवढ्यात त्यांनी सहज विचारलं, "तुला कधी कळलं गं?"

दहा महिने झाले, असं म्हणायचं होतं. शब्द ओठांवर होता.

"परवा," मी म्हणाले.

"बाई गं! आणि लगेच आलीस?" त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. "मोठं मन आहे हो तुझं. माणसाला चूक कळली तरी वळत नाही. तू कळल्या कळल्या धावत आलीस."

अभिजितनं गाडी काढली. काकूआजी मागच्या सीटवर बसल्या. काच खाली करून मुलाला सांगत होत्या, मला ऐकू येत होतं, "हिला परवाच कळलं रे, आणि आज बघ, सांगायला आली पोरगी." अभिजितनं माझ्याकडे पाहिलं, आणि वर्षभरात पहिल्यांदा हसला. गाडी ड्राइव्हवेतून बाहेर पडली. काकूआजींचा हात खिडकीबाहेर होता, हलत होता.

मिहीनं माझा कुर्ता ओढला. "आई, पण आपल्याला तर लास्ट समरलाच कळलं होतं ना?"

मी तिला हात करायला सांगितलं. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत आम्ही दोघी हात करत होतो.